मुरघासाचं कल्चर: कोणतं घ्यायचं, किती घालायचं, आणि बॅग उघडल्यावर मुरघास का तापतो

आपल्याकडं निपाणी, चिक्कोडी, अथणी, कागवाडपासनं खानापूरपर्यंत मुरघास, म्हणजे बारीक कापून, दाबून, हवाबंद बॅगेत किंवा खड्ड्यात आंबवलेला हिरवा चारा, आता कुणाला नवीन राहिलेला नाही. पण तक्रार सगळ्यांची एकच. बॅग उघडली तेव्हा वास झकास होता, रंग पिवळसर-हिरवा, जनावरं तुटून पडली, आणि आठ-दहा दिवसांनी हात घातला तर आत गरम लागायला लागलं, वर पांढरी जाळी, मग निळी-काळी बुरशी, आणि शेवटचा हिस्सा सरळ उकिरड्यावर. पुढच्या वर्षी दुकानदार म्हणतो कल्चर, म्हणजे चारा आंबवणाऱ्या जिवाणूंची पावडर, घाला. घातलं, तरी तेच. मग लोक म्हणायलेत की कल्चर म्हणजे नुसता पैसे घालवायचा धंदा.

तसं नाही. कल्चर कामाचं आहे, पण तीन-चार जनावरांच्या गोठ्यात मुरघास मुरताना जेवढा वाया जातो त्यापेक्षा उघडल्यावर जास्त जातोय, आणि दुकानात पटकन हाताला लागणारं कल्चर बऱ्याचदा मुरायला मदत करणारं असतंय, उघडल्यानंतर टिकवणारं नसतंय. कुठलं कल्चर कशासाठी, हे न बघता पाकीट उचललं की पैसे जातात. म्हणून आधी हे नीट बघू, मग कामाला लागू.

कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला चारा, दाबून हवाबंद केली की आत अडकलेली थोडी हवा चाराच संपवतो, कारण कापल्यावरही त्याचा श्वास काही वेळ चालूच असतो. हवा संपली की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू चाऱ्यातली साखर खायला लागतात, आम्ल वाढतं, सामू (पीएच, आम्लाचं माप, जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त) ३.८ ते ४.२ पर्यंत खाली येतो आणि बाकीचे जिवाणू गप्प बसतात. हे जिवाणू शेतातल्या मक्यावर मुळात असतातच, पण किती असतील आणि कुठल्या जातीचे असतील याचा भरवसा नाही. कल्चर म्हणजे हेच जिवाणू निवडून, वाळवून, पाकिटात भरलेले. औषध नाही ते. बुरशी मारत नाही, खराब चाऱ्याचा चांगला चारा करत नाही, आणि बॅगेला भोक पडलं तर काहीही करू शकत नाही.

आता दोन प्रकार. पहिला प्रकार साखरेचं जवळजवळ सगळं लॅक्टिक आम्लच करतो आणि पटापट करतो. पाकिटावर नावं दिसतील लॅक्टोबॅसिलस प्लांटारम, पेडिओकॉकस, एन्टेरोकॉकस फेशियम. सामू लवकर खाली, चाऱ्याची घट कमी, प्रोटीन कमी सडतं. दुसरा प्रकार म्हणजे लॅक्टोबॅसिलस बुकनेरी. हा सावकाश काम करतो, तयार झालेल्या लॅक्टिक आम्लातलं काही घेऊन त्याचं ॲसेटिक आम्ल करतो, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. २०२० साली शास्त्रज्ञांनी या जिवाणूंची नावं बदलली, त्यामुळं नव्या पाकिटांवर लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम आणि लेंटिलॅक्टोबॅसिलस बुकनेरी असं लांबलचक दिसलं तर घाबरू नका, जिवाणू तेच आहेत, शेवटचा शब्द बघायचा.

उघडल्यावर मुरघास तापतो तो यीस्टमुळं, म्हणजे पाव फुगवणाऱ्या खमिरासारख्या सूक्ष्म बुरशीमुळं. बॅग बंद असताना यीस्ट हवेअभावी दबून असतं, मरत नाही. उघडली की हवा मिळते, यीस्ट लॅक्टिक आम्लच खायला लागतं, आम्ल संपलं की सामू वर चढतो, गरमी वाढते, आणि मग बुरशीला रान मोकळं. लॅक्टिक आम्लानं यीस्ट फारसं अडत नाही, ॲसेटिक आम्लानं अडतं. म्हणून नुसतं पहिल्या प्रकारचं कल्चर घातलेला मुरघास मुरतो सुंदर, पण त्यात ॲसेटिक कमी आणि साखर थोडी शिल्लक, त्यामुळं उघडल्यावर कधीकधी बिनकल्चरच्या मुरघासापेक्षाही आधी तापतो. "कल्चर घालूनही वाया गेला" म्हणणाऱ्यांचं बरंचसं उत्तर इथं आहे.

तर निवड अशी. मक्याचा मुरघास, जनावरं कमी, बॅग किंवा खड्डा संपायला आठवड्यापेक्षा जास्त दिवस लागणार, त्यात उन्हाळ्यात उघडणार, तर बुकनेरी असलेलं कल्चर घ्या. प्लांटारम आणि बुकनेरी दोन्ही एकत्र असलेली पाकिटं मिळतात, आपल्यासाठी तीच सगळ्यात बरी. नेपिअर (हत्ती गवत), लसूणघास, चवळी असला ओला आणि साखर कमी असलेला चारा असेल तर पहिल्या प्रकाराची खरी गरज असते, कारण तिथं मुरण्याचाच प्रश्न असतो. आणि बॅग ५० किलोची, एका दिवसात संपणारी असेल तर बुकनेरीवर जादा पैसे घालू नका, काही उपयोग नाही.

पाकीट घेण्याआधी अजून एक हिशोब करा, कल्चरपेक्षा हा महत्त्वाचा. समजा चार जनावरं, प्रत्येकी १५ किलो, म्हणजे रोज ६० किलो. नीट दाबलेला मुरघास घनमीटरला साधारण ६०० किलो धरला तर रोज निघणार ०.१ घनमीटर. गरम हवेत उघड्या तोंडावरनं रोज निदान १५ सेंटीमीटर थर आत सरकला पाहिजे, तर हवा आत शिरून खराबी करायच्या आधी आपण तो भाग खाऊ घातलेला असतो. आता खड्डा २ मीटर रुंद, दीड मीटर उंच असेल तर तोंड झालं ३ चौरस मीटर, आणि रोज सरकणार जेमतेम सव्वातीन सेंटीमीटर. जगातलं कुठलंही कल्चर आणून घाला, अथणी-कागवाडच्या एप्रिलमध्ये हा खड्डा तापणारच. याच चार जनावरांना एक टनाची बॅग सोळा-सतरा दिवस जाते, तोंड साधारण १ चौरस मीटर, रोज १० सेंटीमीटर सरकतो. त्याला बुकनेरीची जोड मिळाली की जमतंय. म्हणून कमी जनावरं असतील तर मोठा खड्डा नको, बॅगा करा, किंवा खड्डा अरुंद आणि लांब काढा.

आता प्रत्यक्ष काम.

कापणी कधी करायची हे कणीस सोलून ठरवा, दिवस मोजून नको. कणीस मधोमध मोडा, दाण्याच्या वरच्या टोकाकडनं पिवळा घट्ट भाग खाली उतरत येतो आणि खालच्या बाजूला पांढरा दुधाळ भाग असतो, दोन्हीच्या मधली रेष दाण्याच्या अर्ध्यावर आली की कापा. तेव्हा झाडात कोरडा भाग ३० ते ३५ टक्के असतो. हातानं बघायचं तर थोडी कुट्टी मुठीत घेऊन अर्धा मिनिट घट्ट दाबा आणि मूठ उघडा. बोटांमधनं पाणी ठिबकलं तर फार ओला, एक-दोन दिवस थांबा नाहीतर कापून सुकवा. गोळा तसाच राहिला आणि तळहात ओला झाला तर अजून जरा ओला आहे. गोळा हळूहळू सुटत गेला, हाताला नुसता दमटपणा लागला, तर बरोबर. मूठ उघडल्या उघडल्या भुस्कट पडलं तर उशीर झालाय, असला चारा नीट दबत नाही, हवा राहते. ओला चारा मुरवला तर क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणू वाढतात आणि ब्युटिरिक आम्लाचा तो कुजका घाण वास येतो, जनावर तोंड लावत नाही. प्लांटारम त्याला काही अंशी अडवतं, पण पाणी ठिबकणाऱ्या चाऱ्यात कल्चरवर भरवसा ठेवू नका.

लष्करी अळीसाठी फवारणी केली असेल तर औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस पूर्ण होऊ द्या. अळीनं खाल्लेल्या कणसात बुरशी लवकर शिरते, काळी-गुलाबी पडलेली कणसं कुट्टीत जाऊ देऊ नका. मुळासकट उपटलेलं, चिखल लागलेलं झाड पण नको, मातीबरोबर क्लॉस्ट्रिडियम येतंय. खानापूर, बेळगावच्या पश्चिमेकडं सप्टेंबरात कापणीला पाऊस हमखास आडवा येतो, तिकडच्यांनी हे जास्त सांभाळायचं, जमिनीपासनं १५-२० सेंटीमीटर वर कापायचं.

कुट्टी १ ते २ सेंटीमीटर. मशीनची पाती धार लावलेली पाहिजेत, दाणा फुटला पाहिजे. लांब तुकडे दबत नाहीत, आणि त्यांची टोकं बॅगेच्या आतल्या पिशवीला भोकं पाडतात.

आता डोस. पाकिटावर प्रति ग्रॅम जिवंत जिवाणू किती ते लिहिलेलं असतं, सीएफयू म्हणून. साधारण माप असं की एक ग्रॅम ओल्या चाऱ्याला किमान १ लाख जिवाणू मिळाले पाहिजेत. एक टन म्हणजे १० लाख ग्रॅम, म्हणून टनाला लागतात १०० अब्ज, म्हणजे १ वर ११ शून्यं. पाकिटात ग्रॅमला १ वर ११ शून्यं असतील तर टनाला १ ग्रॅम पुरतं. १० शून्यं असतील तर १० ग्रॅम. ९ शून्यं असतील तर १०० ग्रॅम. बुकनेरीचा परिणाम दिसायला जास्त लागतात, मक्यासाठी ग्रॅमला ४ लाखापर्यंत देतात, म्हणजे चौपट. कंपनीनं टनाला किती घालायचं ते दिलेलं असतंच, पण हा हिशोब स्वतः एकदा करून बघा, कारण काही स्वस्त पाकिटांत सांगितलेला डोस घातला तरी लाखाचा आकडा गाठत नाही. आकडाच छापलेला नसेल, जिवाणूंची नावं नसतील, नुसतं "शक्तिशाली सायलेज कल्चर" एवढंच असेल तर घेऊ नका. किंमत पण पाकिटाची बघू नका, टनाला किती रुपये पडले ते काढून दोन कंपन्या ताडून बघा.

हे जिवाणू जिवंत आहेत, हे लक्षात ठेवून पाकीट सांभाळायचं. दुकानात काचेच्या कपाटात उन्हात ठेवलेलं पाकीट तारखेच्या आत असलं तरी त्यात जिवंत किती उरलेत देव जाणे. सावलीत, गार जागेत ठेवणाऱ्या दुकानातनं घ्या, घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, शेतात नेताना ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा गाडीच्या डिकीत टाकू नका. फोडलेलं पाकीट दमट हवेत राहिलं की जिवाणू जागे होतात आणि खायला काही नसल्यानं मरतात, म्हणून लागेल तेवढंच फोडा.

पाण्याकडं कुणी बघत नाही, आणि निम्मा घोळ तिथंच होतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंय, ते जिवाणू मारण्यासाठीच असतंय, तेच पाणी कल्चरला वापरलं तर काय उरणार. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घ्या, नळाचंच असेल तर उघड्या भांड्यात रात्रभर ठेवा. दुसरं, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी नको, हाताला कोमट-गरम लागतं तेवढं पाणी सुद्धा चालत नाही, ३५ डिग्रीच्या खाली पाहिजे. सकाळचं घ्या आणि बादली सावलीत ठेवा. आधी थोड्या पाण्यात पावडर नीट विरघळवून मग मोठ्या भांड्यात ओता. केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

पंप वेगळा पाहिजे. पाठीवरच्या ज्या पंपानं तणनाशक मारलंय, बुरशीनाशक मारलंय, तो तीन वेळा धुतला तरी मी वापरणार नाही आणि तुम्ही पण वापरू नका. तांब्याचं बुरशीनाशक थोडं जरी राहिलं तरी जिवाणूंना मारक आहे, आणि तणनाशकाचा अंश जनावराच्या पोटात जाणार तो वेगळाच. एक नवीन पंप फक्त मुरघासासाठी ठेवा, घरात सगळ्यांना सांगून ठेवा. मीठ, युरिया, मिनरल मिक्श्चर यातलं काहीही कल्चरच्या पाण्यात मिसळू नका, घालायचंच असेल तर कुट्टीवर वेगळं पसरा. फॉर्मिक किंवा प्रोपिऑनिक आम्ल वापरणार असाल तर त्या थरात कल्चर नको, ते एकमेकांच्या विरोधात जातात.

फवारायची जागा म्हणजे कुट्टी मशीनचं तोंड, जिथनं कुट्टी उडून बाहेर पडते. तिथं एक माणूस नोझल धरून उभा राहिला की प्रत्येक तुकड्याला थेंब लागतो. जिवाणूंना पाय नाहीत, जिथं पडले तिथंच काम करतात, म्हणून ढिगाच्या वर एकदम बादली ओतली तर खालचा मका तसाच कोरडा राहतो. टनाला १ ते २ लिटर द्रावण पुरतं. मशीन तासाला तीन टन कुट्टी काढत असेल तर तासाला ३ ते ६ लिटर गेलं पाहिजे, सुरुवातीला दहा मिनिटं फवारून पंपातलं किती कमी झालं ते बघा आणि नोझल त्याप्रमाणं कमी-जास्त करा. मशीनपाशी जमत नसेल तर बॅगेत अर्ध्या फुटाचा थर टाका, फवारा, हातानं हलवा, तुडवा, परत थर. हे दोन नंबरचं, पण चालतंय.

चिक्कोडीकडचे एक पाव्हणं विचारायलेत, "दादा, घरचं ताक आन् गूळ घातला की झालं की, पाकीट कशाला?" त्यांना मी म्हटलं, मामा, गुळाचं पाणी नेपिअरला घाला, मक्याला नको, मक्यात साखर आधीच भरपूर असते. ताकातले जिवाणू दुधात वाढलेले, मक्याच्या रसात ते तितके टिकून राहतात असं नाही, आणि घरच्या ताकात यीस्ट पण असतंय, म्हणजे ज्याला अडवायचं तेच आपण हातानं आत सोडतोय. आपल्याकडं गुऱ्हाळं आहेत, काकवी मिळते, तर नेपिअर तीन-चार तास सुकवून त्यात टनाला २०-३० किलो काकवी आणि प्लांटारमचं कल्चर घालून बघा, फरक पहिल्याच बॅगेत दिसेल.

भरणं आणि दाबणं. कल्चर कितीही भारी असलं तरी हे चुकलं तर सगळं गेलं. बॅगेत एकानं आत उतरून कडेकडेनं तुडवायचं, मधे आपोआप दबतंय, कडेला पोकळी राहते आणि बुरशी पहिल्यांदा तिथंच धरते. खड्ड्यात ट्रॅक्टर फिरवत असाल तर थर वितीपेक्षा जाड नको. एक बॅग एका दमात भरून त्याच दिवशी तोंड बांधा, रात्रभर उघडी ठेवून सकाळी परत भरू नका, त्या एका रात्रीत यीस्ट वाढतं आणि चारा तापतो. आतली प्लास्टिक पिशवी पिळून हवा काढा, मुरगळून दोरीनं आवळा, परत दुमडून बांधा. खड्ड्यावरच्या कागदावर माती किंवा जुने टायर अगदी जवळजवळ. बॅगा शेडमध्ये, भिंतीपासनं हातभर लांब, घुशी-उंदरांचा माग ठेवता येईल अशा. कावळ्यानं चोच मारलेलं बारीक भोक सुद्धा त्याच दिवशी टेपनं बंद करा.

किती दिवसांनी उघडायचं? प्लांटारमवाला मुरघास २१ दिवसांनंतर काढायला हरकत नाही. बुकनेरीवाला मात्र ४५ ते ६० दिवस बंद राहिलाच पाहिजे, कारण ॲसेटिक आम्ल तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. तीन आठवड्यात उघडून "काही फरक नाही" म्हणणारे खूप भेटतात. म्हणजे नियोजन असं पाहिजे, की खरिपाचा मका सप्टेंबरात भरला तर त्यातल्या बुकनेरीच्या बॅगा दिवाळीनंतर उघडायच्या, आणि मधल्या दिवसांसाठी जुन्या बॅगा किंवा हिरवा चारा हाताशी ठेवायचा.

उघडल्यावर आधी वास घ्या. हलका आंबट, फळासारखा असेल तर छान. बुकनेरीवाल्याला व्हिनेगरचा थोडा उग्र वास येतो, तो दोष नाही, तेच तर पाहिजे होतं. दारूसारखा वास म्हणजे यीस्ट. कुजका, हाताला धुऊनही न जाणारा वास म्हणजे ब्युटिरिक. करपलेल्या तंबाखूसारखा गोडूस वास आणि तपकिरी रंग असेल तर भरताना चारा तापलाय. सामूच्या कागदी पट्ट्या मिळतात, मूठभर मुरघास पिळून रसात बुडवा, मक्याचा ४.२ च्या खाली पाहिजे. रोज काढताना कोपरापर्यंत हात आत घालून बघा. बाहेरचा थर आतल्यापेक्षा गरम लागला तर तापायला सुरुवात झालीये, त्या दिवसापासनं थर जास्त काढा, शेजाऱ्याला द्या पण बॅग लवकर संपवा.

काढताना वरनं सरळ एकसारखा थर काढायचा, मधे खड्डा करून नाही, फावड्यानं उकरून सैल करून ठेवायचं नाही, सैल झाला की हवा शिरते. लगेच तोंड आवळा. गव्हाणीत उरलेला मुरघास संध्याकाळी काढून टाका, त्यावर नवा टाकू नका. नवीन जनावराला आठ-दहा दिवसात वाढवत वाढवत द्या, आणि धार काढल्यानंतर द्या म्हणजे दुधाला वास लागत नाही.

बुरशीचा भाग दिसला तर तो आणि त्याच्या भोवतीचा वीतभर चांगला दिसणारा भाग सुद्धा टाका. बुरशीची विषं डोळ्याला दिसत नाहीत, त्यातलं अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं. नीट न आंबलेल्या मुरघासात लिस्टेरिया नावाचा रोगजंतू वाढतो, गाभण गाई-म्हशी त्यानं गाभडतात, म्हणून "थोडंसंच आहे, खाईल" असं गाभण जनावराच्या बाबतीत अजिबात करू नका.

उसाच्या वाड्याचं, म्हणजे तोडणीत निघणाऱ्या हिरव्या शेंड्यांचं, वेगळं सांगतो, कारण उगार, संकेश्वर, निपाणी भागात गळीत हंगामात वाडं ढिगानं मिळतं आणि लोक त्याचाही मुरघास करायलेत. उसाच्या चाऱ्यात साखर आणि यीस्ट दोन्ही जास्त, त्यामुळं आत दारू तयार होते आणि चाऱ्यातली ताकद त्यात जाते. अख्ख्या उसाच्या मुरघासावर ब्राझीलमध्ये पुष्कळ अभ्यास झालाय, आणि तिथं बुकनेरीनं दारूचं प्रमाण कमी होतं हे दिसलेलं आहे. म्हणून वाड्याला नुसतं प्लांटारम नको, बुकनेरीच घ्या, आणि तोडणीनंतर वाडं दोन-दोन दिवस फडात पडू देऊ नका, त्याच दिवशी कुट्टी करा. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, मुरवलं म्हणून जात नाही, त्यामुळं मिनरल मिक्श्चर चुकवायचं नाही आणि रोजच्या चाऱ्यात एकट्या वाड्यावर भागवायचं नाही.

पहिल्यांदा करणार असाल तर एकाच शेतातल्या, एकाच दिवशी भरलेल्या दोन बॅगा करा, एकीत कल्चर घाला, दुसरीत नको, बॅगेवर खडूनं नाही तर पक्क्या मार्करनं तारीख आणि कल्चरचं नाव लिहा. दोन महिन्यांनी दोन्ही एकाच दिवशी उघडा आणि कुठली कितव्या दिवशी तापते ते गोठ्यातल्या कॅलेंडरवर मांडत जा. शंका असेल तर गोकाककडं तुक्कानट्टीला आणि बैलहोंगलकडं मत्तीकोप्पला कृषी विज्ञान केंद्र आहे, धारवाडला चारा संशोधनाचं केंद्र आहे, तिथं जाऊन विचारा. जाताना पाकीट आणि मूठभर मुरघास घट्ट बांधलेल्या पिशवीत सोबत न्या.